सत्तरीतलं पोर

आमच्या घरमालकांना गावातली शेंबडी मुलंसुद्धा ‘दादा’ म्हणायची आणि त्यांच्या बायकोला ‘आजी’. नवरा दादा आणि बायको आजी, हा काय प्रकार आहे ते कळायला मला बरेच दिवस लागले. तोवर मीही गप्पपणे दोघांना तसंच म्हणू लागले होते. ‘आजोबा’ म्हणून बघितलं होतं एकदा. दादांनी मागे वळून कोण आलंय ते पाहिलं होतं.

धसईच्या पुढे, जिथून एसटी वळून परत जाते त्या गावात सरकारी दवाखाना आहे. तिथे रक्त तपासायला म्हणून माझी नेमणूक झाली आणि दादांच्या ओटीला लागून असलेली खोली मला भाड्याने मिळाली. मी मराठवाड्यातली. आमच्याकडे लहान मुलाला लेकरू म्हणतात आणि चार लेकरं एकत्र येऊन गोंधळ घालू लागली की त्यांची पोरं होतात. माझं सामान टेम्पोतून उतरलं त्या दिवशी लोखंडी कपाट कसं चढवायचं या विचारात मी उभी होते. दादा म्हणाले, "तू हात नको लावू गो. पोरं येतील, चढवतील."

मला घामच फुटला. म्हटलं, "अहो, लहान मुलांच्या अंगावर पडलं तर?"

"कोन लहान?" दादा म्हणाले.

थोड्या वेळाने पोरं आली. एकाला झुबकेदार मिशा होत्या, एकाला टक्कल होतं, आणि तिसऱ्याच्या खांद्यावर त्याचा स्वतःचा मुलगा बसलेला होता. कपाटाला पहिला हात लावला तो दादांनीच. अंगात क्रिकेटच्या संघाचा निळा टी-शर्ट, खाली अर्धी चड्डी, पायात नातवाला शोभतील असे बूट. सत्तरी केव्हाच मागे पडलेली. "उचला रे पोरांनो!" म्हणून त्यांनी आरोळी दिली, पण त्यात ते स्वतःलाही धरत होते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

त्या गावात ‘पोर’ या एका शब्दाला विसावा म्हणून नाही. दवाखान्यातले आमचे डॉक्टर निवृत्तीला टेकलेले, पण दादा त्यांच्याविषयी सांगायचे, "पोर बरं हाय, सुई टोचलेली कळत नाय." पोरगा बघायला जातो म्हणाले की समजायचं, पस्तिशीचा आणि केसांना काळा रंग लावणारा कुणी तरी उपवर आहे. परसातलं आंब्याचं झाड मोहोर धरत नव्हतं, त्याला आजी तोडायला निघाली तर दादा आडवे आले: "पोर हाय अजून, पुढल्या वर्साला धरंल." एकदा सकाळी सकाळी दादा माझ्या दारात येऊन सुतकी चेहऱ्याने म्हणाले, "आपलं पोर पडलं गो." मी मलमपट्टीची पिशवी घेऊन धावत अंगणात आले. पोर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडलं होतं, आणि त्याची मुलगी कॉलेजात शिकत होती.

पण या सगळ्या पोरांत एक पोरपण वेगळं होतं, आणि ते मला आजीने समजावून सांगितलं. ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. समोरच्या घरातले गृहस्थ रस्त्याने चालले होते. वयाने ते दादांना मुलासारखे. त्यांना बघून दादा उठून उभे राहिले, खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा, तुमी बसा. पानी देतो." गृहस्थही अगदी सहज बसले, पाणी प्यायले, पावसापाण्याचं बोलून निघून गेले. मला ते काही आवडलं नाही. मी आजीला तसं बोलूनही दाखवलं.

"तो मानूस हाय," आजी म्हणाली. "थोरलीचं लगीन झालं ना त्याच्या."

"मग? दादा कोण आहेत?"

"पोर." तिने सुपातला एक खडा अंगणात भिरकावला. "ज्याच्या दारात मांडव पडला तो मानूस. नाय पडला तो पोर. आमच्यात असंच हाय."

म्हणजे असं, की घरातलं एक तरी लग्न काढलं की गडी माणसांत जातो. गावकीच्या बैठकीत त्याला बोलायला मिळतं आणि लग्नात पहिल्या पंगतीला पाट मिळतो. तोवर तो पोरांत. पोरांनी जंगलाच्या कडेने जाऊन मांडवाचे डहाळे आणायचे, गावकीची भांडी वाहायची, चुली पेटवायच्या, पंगती वाढायच्या आणि सगळं गाव जेवून उठलं की शेवटच्या पंगतीला बसायचं. दादा-आजींना मूलबाळ नव्हतं. दारात मांडव पडण्याचा प्रश्नच आला नाही, आणि दादा पोरांतच राहून गेले. त्यांच्या बरोबरीची पोरं एकामागून एक माणसं झाली, मग त्या माणसांची पोरंही माणसं झाली.

हे ऐकून मला वाईट वाटलं. वाटायला नको होतं, कारण दादांना स्वतःला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसतच नव्हतं. त्यांचं झकास चाललं होतं. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात क्रिकेट सुरू व्हायचं आणि दादा यष्टीमागे बसायचे. चेंडू अडवायचा म्हणून बसायचे असं नव्हे. तिथे बसून फलंदाजाच्या सासुरवाडीविषयी काहीबाही बोलायचे, आणि फलंदाज हसता हसता बाद व्हायचा. मोबाइलवर पोरांचा ग्रुप होता. दादांना टाइप करता यायचं नाही, ते बोलून पाठवायचे, आणि ऐकणारा लांब आहे म्हणून ओरडून पाठवायचे. मला भिंतीपलीकडून त्यांचे सगळे निरोप आधी ऐकू यायचे. म्हसा गावच्या जत्रेला ते पोरांबरोबर पिकअपच्या हौद्यात उभं राहून जात आणि पाळण्यात बसून येत. एका वर्षी तिथून काळा गॉगल घेऊन आले. तो घालून अंधारात गोठ्यात शिरले आणि म्हशीने त्यांना ओळखलं नाही.

आणि त्यांचा चाटू. भात शिजवायच्या मोठ्या टोपात फिरवायला लागतो तो पुरुषभर लांबीचा लाकडी चाटू दादांचा स्वतःचा होता. धुऊन, पुसून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून तो देव्हाऱ्याच्या शेजारी भिंतीला टांगलेला असे. आसपासच्या पाच-सहा पाड्यांवर कुठेही लग्न असलं की दादा चाटू खांद्यावर टाकून निघायचे. आमंत्रण असलं काय, नसलं काय. त्यांचा खरा जीव मात्र खरवडीवर. टोपाच्या तळाला लागून राहिलेली तांबूस, कुरकुरीत भाताची खपली. पहिल्या पंगतीतल्या माणसांना वरचा मोकळा भात, त्यावर तुपाची धार. खरवड त्यांच्या दृष्टीलाही पडत नाही. ती शेवटच्या पंगतीची. "मानसांना काय म्हाईत भात काय असतो," दादा म्हणायचे, आणि त्या पंगतीत बसून जो दंगा चालायचा तो अर्ध्या गावात ऐकू यायचा.

आजीला मात्र हे सगळं जाळायचं. तिच्यासमोर पोरं हा शब्द काढायची सोय नव्हती. "पोरं बोलवतात" म्हणून दादा उठले की मोरीत एखादं भांडं आपटलंच समजा. मला आधी वाटायचं, म्हातारपणी हा माणूस हुंदडतो म्हणून ती चिडते. एकदा एका लग्नात मी तिच्या शेजारी बसले तेव्हा खरं ते कळलं. बायकांतही तीच रीत. ज्यांनी घरचं लग्न काढलंय त्या पुढे, नवरीला हळद लावायचा, ओटी भरायचा मान त्यांचा. आजी अगदी मागे, खरकट्या भांड्यांजवळ, लसूण सोलत. तिच्या मांडीवर खेळलेल्या मुली पुढे पाटावर बसल्या होत्या.

"साठी उलटली गो माझी," ती लसणाकडे बघतच म्हणाली, "आन अजून मी पोराची बायको."

एवढं एकच वाक्य. पुन्हा ती त्यावर कधी बोलली नाही.

नंतर माझं लग्न ठरलं. दवाखान्याची वीज सारखी जाऊन लशींचा फ्रिज बंद पडायचा, ती बघायला येणारा वीज खात्यातला लाइनमन डोळखांबकडचा होता. वीज सुरळीत झाल्यावरही तो येत राहिला. दादांनी त्याला ओटीवर बसवून चहा पाजला आणि मला निकाल सांगितला, "पोर बरं हाय. खांबावर चढतंय, पन चढून बसत नाय." मला आईवडील नाहीत. काका-काकूंनी वाढवलं, शिकवलं. पण काकांच्या गुडघ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि काकू त्यांना सोडून निघू शकत नव्हती. ते फोनवर म्हणाले, "बाळा, तिकडंच उरकून घे, आमचा आशीर्वाद आहे." आम्ही ठरवलं, मुरबाडला नोंदणी करायची आणि पेढे वाटायचे.

हे मी आजीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबले. "पेढे?" ती म्हणाली. "पेढे वाटून पोरगी देतात? माझ्या दारात मांडव पडंल. मी देईन तुला."

ओटीवर दादा चाटूला तेल लावत होते. ते आत आले, आजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चप्पल घालून शेतावर निघून गेले.

पुढचे काही दिवस त्या घरात फार मजेचे गेले. निदान आता आठवताना मजेचे वाटतात. दादांना मी हवी होते, माझं लग्न हवं होतं, फक्त ते स्वतः काढायचं नव्हतं. "मी समदं करतो," ते म्हणायचे. "डहाळे आनतो, मांडव घालतो, भात शिजवतो, वाढतो. पन पाटावर दुसरा कोन तरी बसवा." आजीने त्यांच्याशी बोलणं सोडलं. भाकरी वाढायची, पण ताट जमिनीवर जरा आवाज करूनच ठेवायची. एका संध्याकाळी दादा माझ्या दाराशी येऊन उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "गो, त्या लाइनमनच्याच दारात लगीन घेतलं तर? डोळखांबला हवा बरी."

मी म्हटलं, "दादा, एवढं काय आहे त्यात? पाटावर तर बसायचं."

"तू बसशील आन उठशील," ते म्हणाले. "मी बसलो की मानूस झालो. मग पोरं मना खुर्ची देतील." त्यांनी गवताची काडी मोडली. "पंगतीत बसंन मी गप. कोन बोलनार नाय माझ्याशी. तुमी-आमी करतील."

मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा बघून हसू आलं नाही. उभा जन्म त्यांनी त्या पोरांत काढला होता. आजीला एवढ्या वर्षांनी जे मिळणार होतं, त्याच्यापायी दादांचं होतं नव्हतं ते सगळं जाणार होतं, आणि दोन्ही माझ्याच लग्नात.

मी मग आजीला सांगितलं की नोंदणीच बरी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ट्रंकेतून आपला लग्नातला शालू काढला, अंगणातल्या दोरीवर ऊन द्यायला टाकला, घड्यांवर विरलेल्या जागा बोटांनी चाचपल्या, आणि पुन्हा घडी घालून ट्रंकेत ठेवून दिला. दादा गोठ्याच्या दारातून बघत होते. तिला ते दिसले नाहीत, मला दिसले.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. मोबाइलमध्ये ओरडत होते, "उद्या सकाळी कोयते घेऊन या रे. उंबराची फांदी पयली. मांडव माझ्या दारात हाय."

मोरीतून भांड्याचा आवाज आला नाही.

लग्नाच्या दिवशी दादांना कुणी ओळखेना. धोतर, कोट, टोपी, कपाळाला गंध. चेहरा मात्र दात काढायला आणल्यासारखा. शेजारी आजी तो शालू नेसून बसली होती आणि पुढच्या बायका तिला "तुमी सांगा, कसं करायचं" म्हणून विचारत होत्या. भटजींनी दादांच्या उपरण्याची आणि तिच्या पदराची गाठ मारली. डोळखांबची मंडळी समोर बसली होती. भटजी हात वर करून काहीतरी म्हणत होते, आजीच्या हातात पाण्याचा तांब्या होता, माझा हात दादांच्या हातात होता. एकाएकी दादांचं नाक हललं.

"लागला," ते म्हणाले.

भटजी थांबले. "काय लागलं?"

"भात लागला!" म्हणत दादा उठलेच. गाठ बांधलेली आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मांडवाच्या मागे चुली होत्या, तिकडे ते सुटले, आणि त्यांच्या मागून आजी. एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताने पदर घट्ट धरलेला, "अवो गाठ! गाठ सुटंल!" म्हणून ओरडत. गाठ सुटणं अशुभ, म्हणून ती त्यांच्याइतक्याच वेगाने धावत होती. डोळखांबच्या मंडळींना वाटलं, इकडची ही काहीतरी रीत असावी. माझ्या सासऱ्यांनी तर हात जोडले.

झालं होतं असं, की चुलीपाशी कुणीच नव्हतं. सगळी पोरं मांडवाच्या कनातीत डोकं घालून, मोबाइल वर धरून, टोपी घातलेल्या दादांचं शूटिंग करत होती. आयुष्यात पहिल्यांदा दादा भातापाशी नव्हते आणि भाताकडे बघायचं असतं हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

दादांनी जळती लाकडं ओढून बाहेर काढली. "तळाला हात नका लावू! वरचा भात उपसा!" दादांनी हुकूम सोडले आणि पोरं घमेली घेऊन धावली. गाठीमुळे दादा वळले की आजीला वळावं लागे. तिने तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि टोपावरचं जड झाकण दोन्ही हातांनी उचलून धरलं. वाफेत दोघंही दिसेनाशी झाली. भात वाचला. फक्त तळाला बोटभर जाड खरवड धरली.

"झालं?" आजी म्हणाली. "चला आता. पोरगी पाटावर एकटी बसलीय."

भटजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला आजीने दादांचा कोट मागून धरून ठेवला होता.

पहिल्या पंगतीला दादा व्याह्यांबरोबर बसले. वरचा मोकळा भात, तुपाची धार. कुणी काही विचारलं तर हो-नाही म्हणत. शेवटच्या पंगतीत पोरं ती बोटभर खरवड मोडून खात होती, आणि तिकडे हशा उठला की दादांचा घास हातात थांबत होता. मला निरोप देताना ते खूप रडले. माझ्यासाठी किती आणि खरवडीसाठी किती हे मी अजूनही त्यांना विचारते.

आम्ही शहापूरला बिऱ्हाड केलं. माझी बदली तिकडे झाली. आजी फोनवर उत्साहाने सांगायची, कुणाच्या हळदीला तिला पुढे बसवलं, कुणाची ओटी भरली. दादा फोनवर यायचे नाहीत. "बसलेत," आजी म्हणायची. "खुर्चीवर." चाटू भिंतीवरच होता. क्रिकेटला बोलावलं तरी पोरं म्हणायची, तुमी पंच व्हा. सरकवलेल्या खुर्चीवर बसून ते पंचगिरी करायचे आणि कुणाच्या सासुरवाडीचं नाव काढायचे नाहीत. हे सांगताना आजीचा उत्साह जरा कमी व्हायचा.

समोरच्या गृहस्थांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा मी माहेरवाशीण म्हणून गेले. पहिली पंगत बसली. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला बायका. दादा धोतर-टोपीत पाटावर ताठ बसलेले. समोरून मिशीवाला पोऱ्या बादली घेऊन आला आणि अदबीने म्हणाला, "दादा, तुमाला भात वाढू का?" पूर्वी तो न विचारता वाढायचा आणि वर "खा रे" म्हणायचा. दादांनी मान हलवली. डाळ पातळ झाली होती, पत्रावळीवरून वाहत होती. त्यांनी बघितलं आणि बोटाने भाताचा बांध घातला. गृहस्थ त्यांना म्हणाले, "सावकाश होऊ द्या." दादा म्हणाले, "तुमी बी."

आजी माझ्या शेजारी होती, अगदी पुढे, मधोमध. ती जेवत नव्हती, दादांकडे बघत होती. बराच वेळ बघत राहिली. मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि आख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली,

"ए पोरा! हिकडं भात नाय आला!"

तीन पोरं बादल्या घेऊन धावली. आजीने पत्रावळीवर हात आडवा धरला.

"तुमी नव्हं," ती म्हणाली, आणि हनुवटीने समोरच्या पंगतीकडे दाखवलं. "तो."

समोरच्या गृहस्थांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी त्याच तोंडात घास घातला. दादा आजीकडे बघत होते. या बाईच्या तोंडून तो शब्द त्यांनी भांडं आपटल्याशिवाय कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी टोपी काढून शेजारच्या माणसाच्या मांडीवर ठेवली, कोट काढला, हात धुतले, धोतर वर खोचलं आणि मिशीवाल्याच्या हातातून बादली हिसकावून घेतली. "डाळीत पानी कोनी वतलं रे?" ते ओरडले, आणि शेवटच्या टोकाला पोरांनी जी शिट्टी मारली ती थेट धसईला पोचली असेल.

ते आले आणि आजीच्या पत्रावळीसमोर वाकले. एक वाढणी घातली. दुसरी घातली. तिच्या पत्रावळीवर भाताचा डोंगर झाला, मला माझी पत्रावळ बाजूला ओढून घ्यावी लागली. आजी खाली मान घालून हसत होती. ती ‘बस’ म्हणेना, आणि ते थांबेनात.